यंत्र दिले, रोपे दिली. पुढच्या तीन वर्षांचे पाणी कोण देणार?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी संपत आला की ठाणे-नवी मुंबईतल्या सामाजिक संस्थांचे फोन वाजू लागतात. पलीकडे कुठल्यातरी कंपनीच्या फाउंडेशनचा अधिकारी असतो. "वीस-पंचवीस लाखांचं काही आहे का? ३१ मार्चच्या आत बिल पाहिजे." आता दोन-तीन आठवड्यांत बिल कशाचे निघते? ज्याचे कोटेशन मिळते त्याचे. डायलिसिसचे यंत्र, रुग्णवाहिका, शाळेला स्मार्ट टीव्ही, पाच हजार रोपे. यंत्रावर बसणारा तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचा रात्रपाळीचा चालक आणि मे महिन्यातले टँकर यांचे कोटेशन कुणी पाठवत नाही. म्हणून ते राहून जातात आणि दीड-दोन वर्षांनी यंत्रावर चादर पडते.

फाउंडेशनांच्या हेतूबद्दल शंका नाही. या पट्ट्यातली कितीतरी आरोग्य केंद्रे, बालवाड्या आणि रोपवने त्यांच्या पैशावर उभी राहिली. अडचण एवढीच की पैसा वस्तू उभी करायला मिळतो, ती चालवायला मिळत नाही. ही अडचण कायद्याने आणलेली नाही, सवयीने आणली आहे, हे आकड्यांनिशी सांगावे म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

आधी कायदा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. यालाच सीएसआर म्हणतात. वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून ती धावपळ. पण त्याच कायद्यात 'चालू प्रकल्प' म्हणून सोय आहे. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षे तो चालवता येतो. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकली की पुढच्या तीन आर्थिक वर्षांत ती त्याच कामावर वापरता येते. म्हणजे मार्चमध्ये घाईघाईने यंत्र घेण्याची सक्ती नाही. ठराव मात्र वेळेत व्हावा लागतो. संचालक मंडळाने प्रकल्प 'चालू' म्हणून मंजूर केला नसेल, तर शिल्लक रक्कम सहा महिन्यांत कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या एखाद्या सरकारी निधीकडे जाते. मग संस्थेच्या हाती काहीच पडत नाही.

दुसरा गैरसमज पगाराचा. "पगार बसत नाहीत, प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे," हे वाक्य आमच्या क्षेत्रात रोज कानावर पडते. नियम तसा नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळला आहे. डायलिसिस केंद्रातल्या तंत्रज्ञाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. बालवाडीच्या ताईचे मानधनही तसेच. तरी अंदाजपत्रकातून पहिली कात्री लागते ती याच ओळींना. मग संस्था तो पगार 'प्रशिक्षण' नाही तर 'साहित्य' या नावाखाली बसवते, लेखापरीक्षक आक्षेप घेतो आणि संस्था खोटारडी ठरते. उलट, एका दिवसाची मॅरेथॉन किंवा पुरस्कार सोहळा सीएसआरमध्ये धरला जात नाही, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केले आहे. तो खर्च मात्र कुठून ना कुठून होतोच.

आता डायलिसिस केंद्र आतून पाहू. फाउंडेशनला ते आवडते, कारण दिसते. खरे काम दिसते ते मागच्या खोलीत.

रुग्णाच्या रक्तातली घाण ज्या द्रावात उतरते ते साधारण मिनिटाला ५०० मिलिलिटर वाहते. चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर. पाच यंत्रे आणि दोन पाळ्या धरल्या तर दिवसाला दहा सत्रे, म्हणजे १,२०० लिटर अत्यंत शुद्ध पाणी. यंत्र धुण्याचे आणि निर्जंतुकीकरणाचे पाणी वेगळे. आरओ संयंत्रात शिरलेल्या पाण्यातले निम्मे वाया जाते असे धरले तरी रोज अडीच हजार लिटरच्या वर कच्चे पाणी लागते. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या इमारतीत हे केंद्र काढायचे की नाही, याचा विचार यंत्राच्या ऑर्डरआधी व्हायला हवा.

शुद्धीकरणाची साखळी अशी: वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर, क्षार काढणारे सॉफ्टनर, मग आरओची पटले (मेम्ब्रेन) आणि शेवटी यंत्रांपर्यंत फिरणारी नळी. सगळ्यात दुर्लक्षित होतो तो कार्बन. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते, पिणाऱ्याला ते चांगलेच. पण क्लोरीन आणि क्लोरामाइन डायलिसिसच्या पाण्यात शिरले तर रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कार्बननंतरच्या पाण्याची क्लोरीन चाचणी प्रत्येक पाळीआधी करायची आणि वहीत सहीनिशी लिहायची असते. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवा. सॉफ्टनरमध्ये ठरल्या वेळी मीठ घालावे लागते. ते विसरले की कॅल्शियम पुढे सरकते, आरओची पटले लवकर बाद होतात आणि रुग्णाला मळमळ व रक्तदाबाचा त्रास सुरू होतो. खरे कारण असते मिठाची रिकामी गोणी आणि शोध यंत्रात चालू असतो. नळीतल्या पाण्याची जिवाणू आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंपासून सुटणारे विष) तपासणी दरमहा प्रयोगशाळेत पाठवावी लागते. चाचणीच्या पट्ट्या, मीठ आणि हे प्रयोगशाळेचे बिल या तीन ओळी ज्या अंदाजपत्रकात नाहीत, ते केंद्र चालवण्याचा विचार करून केलेलेच नाही, असे आम्ही बेलाशक म्हणतो.

आता पैशाचा हिशेब. पाच यंत्रे, दोन पाळ्या, सहा दिवस म्हणजे आठवड्याला ६० सत्रे. रुग्णाला आठवड्यातून तीनदा यावे लागते असे धरले तर हे केंद्र वीस रुग्णांचे झाले. पाच नव्हे, पण शंभरही नव्हे. डायलायझर (रक्त गाळणारे नळकांडे), नळ्या, दोन सुया, सलाइन, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, वीज, पाणी आणि पगार मिळून एका सत्राचा खर्च समजा १,२०० रुपये धरला, तर आठवड्याला ७२,००० आणि वर्षाला ३७ लाख ४४ हजार रुपये होतात. एक यंत्र सात लाखांचे धरले तर पाचांचे ३५ लाख. म्हणजे यंत्रांची अख्खी किंमत केंद्र दरवर्षी पुन्हा खाते. फाउंडेशनने ३५ लाखांचा धनादेश दिला आणि फीत कापली, तेव्हा बिलाचा पहिला हप्ता तेवढा भरला गेला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. मग पैसा योजनेतूनच का नाही घ्यायचा? घ्यावाच. पण त्यासाठी रुग्णालय योजनेच्या यादीवर असावे लागते आणि दाव्याचे पैसे सत्र झाल्यावर हाती यायला वेळ लागतो. तोवर तंत्रज्ञाचा पगार आणि डायलायझरचे बिल थांबत नाही. फाउंडेशनने सहाव्या यंत्राऐवजी तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतकी फिरती रक्कम दिली, तर हीच पाच यंत्रे बंद पडत नाहीत. कावीळ 'ब' असलेल्या रुग्णासाठी यंत्र वेगळे ठेवावे लागते आणि त्याचा डायलायझर पुन्हा वापरता येत नाही, हेही आराखड्यात आधीच धरावे. दुसऱ्या वर्षी हमी संपली की सुट्या भागांसह देखभालीचा करार घ्यावा लागतो. त्याची रक्कम खरेदीच्या वेळीच लेखी ठरवून घेतली तर घासाघीस करता येते. यंत्र बसल्यावर विक्रेता सांगेल तो दर.

रुग्णवाहिकेचे त्रैराशिक याहून सोपे आहे. चोवीस तास सेवा म्हणजे रोज तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. एक चालक सहा पाळ्या करतो. म्हणजे साडेतीन चालक, पूर्णांकात चार. गाडीबरोबर चार चालक देणारा दाता सापडला तर आम्हाला कळवावे.

एकेका रुग्णाच्या उपचारासाठी मदत देणाऱ्या फाउंडेशनांबद्दल एक सूचना. त्यांच्याकडे अर्जांचा ढीग असतो आणि बरेचदा मदत अशा बिलाला जाते जे दुसऱ्या कुणीतरी भरायला हवे होते. अर्ज आला की आधी विचारावे: जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का? बसत नसेल, तर रुग्णालय धर्मादाय आहे का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ४१ कक आणि २००६ मध्ये उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. शिवाय बाकीच्या रुग्णांच्या बिलांतले २ टक्के 'निर्धन रुग्ण निधी'त टाकायचे असतात. तातडीच्या वेळी अनामत मागायची नसते. रुग्णाने रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन वैद्यकीय समाजसेवकाकडे जायचे. गोम अशी की दाखला मिळेपर्यंत रुग्ण सर्वसाधारण म्हणून दाखल होतो, बिल चढत जाते आणि मग "आता वर्ग बदलता येणार नाही" असे उत्तर मिळते. म्हणून दाखल होतानाच लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दाखला मागाहून जोडता येतो. या दोन्ही वाटा बंद झाल्या तरच फाउंडेशनने हात घालावा. पैसे रुग्णालयाच्या नावाने, खर्चाच्या लेखी अंदाजपत्रकावर द्यावेत.

कुठल्याच योजनेत जे बसत नाही, तिथे मात्र मोकळ्या हाताने द्यावे. उपचार मोफत झाला तरी शहापूर-मुरबाडकडच्या डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा, म्हणजे महिन्याला बारा-तेरा वेळा ठाण्याला यावे लागते. सोबत एक माणूस लागतो आणि त्या माणसाचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो. आसनगावपर्यंतची जीप, लोकल, स्टेशनवरून रिक्षा, दुपारचे जेवण. उपचार सोडून देण्याचे कारण बहुधा या यादीत असते. पण जीपवाला पावती देत नाही आणि पावतीशिवाय फाउंडेशनचा हिशेब बंद होत नाही. फेरीमागे ठरावीक रक्कम, रुग्णालयाच्या हजेरीपत्रकाच्या आधारे थेट खात्यात, अशी पद्धत बसवली तर लेखापरीक्षकालाही चालते.

आता खाडी. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला ऑगस्ट २०१५ मध्ये दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. तेव्हापासून ऐरोली ते ठाण्याच्या किनाऱ्यावर फाउंडेशनांची वर्दळ वाढली. कामे दोनच: खारफुटी लावणे आणि किनारा साफ करणे. दोन्हींत चूक तीच होते. कंपनीचे कॅलेंडर पाहिले जाते, पाणी पाहिले जात नाही.

सफाईची तारीख कोळीवाड्यात विचारून ठरवावी. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. त्या दिवशी दुपारी बाराच्या आसपास भरती भरते आणि पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास असते. खाडीच्या आत थोडी उशिराने. पुढे रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी सरकते. म्हणजे सकाळी आठ ते अकरा काम करायचे तर द्वितीया ते चतुर्थीचे दिवस सोयीचे. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत, सकाळी सहा-सातला पाणी भरलेले असते; आठ वाजता आलेले दोनशे कर्मचारी बांधावर उभे राहून सेल्फी काढतात. गमबूट आणि गोणपाट लागतात, प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. तिवराच्या (खारफुटीच्या एका झाडाच्या) श्वसनमुळांना गुंडाळलेली चिंधी ओढायची नाही, कात्रीने कापायची. ओढली की मुळे मोडतात. भरलेल्या गोण्या भरती चढण्याआधी बांधावर आल्या पाहिजेत आणि महापालिकेची गाडी त्याच दिवशी यायला हवी. गाडी सोमवारी येणार असेल तर रविवारी रात्री सगळे पुन्हा खाडीत. 'पाच टन कचरा काढला' या बातमीत चिखल किती आणि कचरा किती, ते वजन ओले की वाळल्यावरचे, हे कुणी विचारत नाही.

खरे तर कचरा खाडीत तयार होत नाही, नाल्यातून येतो. नाल्याच्या तोंडाशी तरंगती जाळी आणि तिच्यावर बारमाही दोन माणसे, एवढा एकच प्रकल्प दहा सफाई मोहिमांना भारी पडेल. फक्त जाळीसाठी पैसा आणि माणसांसाठी नाही, असे झाले की जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात साचलेल्या कचऱ्याच्या ओझ्याने जाळी फाटते आणि सगळे घेऊन खाडीत जाते.

खारफुटीच्या लागवडीबद्दल तर कळकळीने सांगावेसे वाटते. ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची सपाटी म्हणजे मोकळी जागा नव्हे. फ्लेमिंगो तिथेच शेवाळ, डायटम (सूक्ष्म शैवाल) आणि बारीक जीव गाळून खातात. तिथे दहा हजार रोपे टोचली, तर जगली तर पक्ष्यांचे ताट जाते आणि मेली तर पैसे जातात. बहुतेक मरतात, कारण ती जागा रोज फार वेळ पाण्याखाली असते. खारफुटी नैसर्गिकपणे सरासरी समुद्रपातळीच्या वर, भरतीच्या रेषेखाली उगवते. या पट्ट्यात असूनही जागा उघडी बोडकी दिसत असेल तर तिथे रोपांची टंचाई नसते, तिथे पाण्याची वाट अडलेली असते. रस्त्याचा भराव, तुंबलेली मोरी, बंद उघाडी (बांधातले पाण्याचे दार). तिवराच्या बिया पावसाळ्यात आपोआप पडतात आणि भरतीबरोबर फिरतात. मोरी मोकळी करून भरतीचे पाणी आत-बाहेर खेळू दिले की दोन-तीन पावसाळ्यांत झाडे स्वतः येतात. नेरूळच्या डीपीएस तलावाबाबतही, जिथे फ्लेमिंगो येतात, पर्यावरणप्रेमींची मूळ मागणी हीच होती की भरतीचे पाणी आत येण्याची वाट खुली करा. मोरी साफ करण्याच्या कामाला रोपांच्या लागवडीसारखे छायाचित्र मिळत नाही, हे मान्य.

आणि परवानगी. खारफुटीला हात लावायचा तर, साफसफाईसाठीसुद्धा, वन विभागाच्या कांदळवन कक्षाला आधी पत्र द्यावे. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. तिथे फाउंडेशनच्या नावाची सिमेंटची कमान उभारणे हा थेट नियमभंग आहे.

डोंगरावरच्या लागवडीचे गणित पाण्याचेच. येऊर असो की पारसिक, मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम. खड्डे मे महिन्यात, दीड-दोन फुटांचे. लागवड पहिला चांगला पाऊस मुरल्यावर, जुलै अर्धा होण्याआधी. ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाला मूळ खाली नेण्याइतका पाऊस उरत नाही. हजार रोपांना दहा-दहा लिटर म्हणजे एका फेरीला दहा हजार लिटर, एक मोठा टँकर. डिसेंबर ते मे आठवड्याला एक फेरी धरली तर सव्वीस टँकर. तीन उन्हाळे, अठ्ठ्याहत्तर टँकर. पारसिकच्या उतारावर टँकर चढत नाही, तिथे वर टाकी, पंप आणि पाइप लागतो. फेब्रुवारीत गवत कापून जाळपट्टा काढावा लागतो, नाहीतर एका ठिणगीत तीन वर्षे जातात. शेळ्यांसाठी राखणदार लागतो. 'एक रोप, शंभर रुपये' या दरात यातले काहीच नसते.

जातींबद्दल थोडक्यात: पळस, करंज, बहावा, आपटा, मोई, काकड. गुलमोहर आणि ग्लिरिसिडिया नकोत, रोपवाटिकेत स्वस्त मिळाले तरी. मियावाकी या दाट लागवडीच्या पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपे बसतात. शहरातल्या भरावाच्या छोट्या तुकड्यावर ती चालेल, पण येऊरच्या गवताळ मोकळ्या जागी नको. ते गवत म्हणजे उजाड जमीन नाही, तोही जीवांचा एक अधिवास आहे. आणि जिवंत रोपांची मोजणी ऑक्टोबरात करू नये; तेव्हा सगळेच हिरवे असते. मोजायचे ३१ मेनंतर, ओळीओळीने, फाउंडेशनचा माणूस सोबत घेऊन.

शहापूरच्या पाड्यांत पाण्याच्या योजनांना पैसा मिळतो. भातसा आणि तानसा ज्या तालुक्यात, तिथल्या बायका मे महिन्यात डोक्यावर हंडे वाहतात, हे आपल्या वाचकांना नवे नाही. सौरपंप बसतो, टाकी बसते, फलक तर आधीच बसतो. तिसऱ्या वर्षी कंट्रोलर जळतो. चाळीस घरांनी महिना पन्नास रुपये पहिल्या दिवसापासून गोळा केले तर वर्षाला २४,००० जमतात आणि दुरुस्ती गावातच होते. ही समिती पंपाच्या आधी उभी राहायला हवी, मागाहून कोणी पैसे काढत नाही. वनराई बंधारा याहूनही स्वस्त: सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, श्रमदान, पाऊस थांबता थांबता. तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो आणि त्याच्यावर कोनशिला बसत नाही, म्हणून त्याला दाता मिळत नाही.

एवढे फाउंडेशनांना बोललो. आता संस्थांच्या पदरातही थोडे. पैसा तयार असूनही अडतो तो कागदांवर. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. कितीतरी संस्थांच्या अनुसूची एकच्या (धर्मादाय नोंदवहीच्या) उताऱ्यावर दिवंगत झालेले विश्वस्त अजून कारभार पाहत आहेत! बँक त्या उताऱ्यावरच जाते. सहीचे अधिकार अडकतात आणि आलेला हप्ता खात्यात पडून राहतो. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, आयकराची १२ए व ८०जी (करसवलतीची) नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पूर्वानुभव लागतो. या नोंदण्या आता कायमच्या नाहीत, मुदतीच्या आहेत. नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याला गेले पाहिजे. उशीर झाला तर रोज २०० रुपये आणि देणगीदाराची वजावट अडकते ती वेगळीच. तो पुन्हा फिरकत नाही. प्रकल्पागणिक खातेवही स्वतंत्र ठेवावी. एकाच टँकरचे बिल दोन फाउंडेशनांच्या हिशेबात लावणारी संस्था एकदाच पकडली जाते, पण त्यानंतर शेजारच्या दहा प्रामाणिक संस्थांनाही दारे बंद होतात.

परदेशी निधीवर चालणाऱ्या फाउंडेशनांकडे छोट्या संस्थांनी आशेने पाहू नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही. देशी न्यासांतही एकाने दुसऱ्याला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच देणाऱ्याचा खर्च म्हणून धरली जाते, त्यामुळे मोठे न्यास आता थेट स्वतःच काम काढतात. पाड्यावरच्या चार माणसांच्या संस्थेला याची झळ सर्वाधिक बसते.

करारनाम्यात तीन गोष्टी आल्या तर आमच्या निम्म्या तक्रारी मिटतील. पहिली, वस्तूच्या किमतीखाली लगेच तिचा तीन वर्षांचा चालवण्याचा खर्च, आणि प्रत्येक ओळीपुढे तो कोण देणार त्याचे नाव: फाउंडेशन, महापालिका, योजना की वापरणारे. दुसरी, हप्ते. चाळीस टक्के सुरुवातीला, चाळीस पहिल्या वर्षाचा हिशेब पाहून आणि शेवटचे वीस तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, रोपे मोजून किंवा केंद्राची पाणी-तपासणीची वही पाहून. तिसरी, वस्तू महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आवारात बसणार असेल तर ती कुणाच्या साठा-नोंदवहीत चढली त्या पानाची प्रत. नोंद नसलेल्या यंत्राला सरकारी खात्यात देखभालीची तरतूद मिळत नाही आणि ते तिथून हलवताही येत नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. ५ जूनला आपण वृक्षारोपणाची छायाचित्रे छापता. त्याच जागेवर गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी किती उभी आहेत, तो आकडाही शेजारी छापावा. छायाचित्रकाराला पाठवायचे असेल तर मेचा शेवटचा रविवार बरा, ऊन चढायच्या आत.

आपले,
ठाणे-नवी मुंबईतील संस्थांत हिशेब, रुग्णसाहाय्य आणि रोपवनाची कामे पाहणारे काही जण